वजनकाट्याचा जुलूम

२०१३ साली मॉस्को येथे झालेल्या जागतिक मैदानी स्पर्धांत अमेरिकेची मेरी केन ही अवघ्या सतरा वर्षांची मुलगी १५०० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा तिच्याकडे साऱ्या क्रीडाजगताने मोठ्या आशेने पाहिले. सहा वर्षांनी, २०१९ च्या नोव्हेंबरात, तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून सांगितलेली हकिकत मात्र विषण्ण करणारी होती. वजन घटविण्याचा सततचा धाक, सहकाऱ्यांसमोर वजन करून होणारी मानहानी, तीन वर्षे बंद राहिलेली मासिक पाळी आणि मोडलेली पाच हाडे! तिचे प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांनी हे आरोप नाकारले. परंतु अनेक धावपटू स्त्रियांना त्या कथेत आपलीच व्यथा दिसली.

याचे मूळ 'जितके हलके, तितके वेगवान' या समजुतीत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही, म्हणूनच घातक आहे. वजन उतरले की काही काळ वेळ सुधारते आणि टाळ्या पडतात. परंतु श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडू लागले की शरीर काटकसर करते. पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि हाडे ठिसूळ होतात. हाडांची पुंजी मुख्यतः किशोरवयातच साठते. त्या वयात झालेली तूट पुढे पूर्णपणे भरून येईलच, याची शाश्वती नसते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ सालीच या ऊर्जान्यूनतेविषयी इशारा दिला होता. तरीही पाळी थांबणे म्हणजे कसून सराव झाल्याची खूण, असे मानणारे प्रशिक्षक अद्याप आहेत. वयात येताना मुलीची प्रगती काही काळ मंदावते, हा निसर्गक्रम होय. त्याला आळस किंवा अपराध ठरविणे हा शुद्ध अन्याय आहे.

हा केवळ अमेरिकेचा प्रश्न आहे, असे मानून महाराष्ट्राला स्वस्थ बसता येणार नाही. नाशिकच्या कविता राऊत आणि साताऱ्याच्या ललिता बाबर यांच्या पावलावर पाऊल ठेवून आज कितीतरी मुली शाळेच्या मैदानावर धावत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. तिकडे पोट मारले जाते ते वजनकाट्याच्या भीतीने. इकडे ते मुळातच अर्धे भरलेले असते. हाडांना हा भेद कळत नाही.

तेव्हा क्रीडाशिक्षकांनी घड्याळाइतकीच ताटाचीही चौकशी करावी. मुलींचे वजन चारचौघांत करू नये. रक्ताची तपासणी वेळोवेळी व्हावी. पाळी तीन महिने चुकली, तर तो लज्जेचा नव्हे, वैद्यकाचा विषय समजावा. ते सांगण्याइतका विश्वास शाळेतील एखाद्या शिक्षिकेने मुलीला द्यावा. पदक एका मोसमाचे असते. हाडे मात्र आयुष्यभर वागवायची असतात. सोळाव्या वर्षी जिंकून विसाव्या वर्षी मैदान सोडावे लागणाऱ्या मुलीचा विजय हा तिच्या वडीलधाऱ्यांचा पराभवच म्हटला पाहिजे.