स्किपलिबचेकचा अंगारा

बाहेरची लायब्ररी घेतली आणि टाइपस्क्रिप्टचा बिल्ड फुटला, की आमच्याकडे एकच अंगारा लावतात: ‘टीएसकॉन्फिगमध्ये स्किपलिबचेक ट्रू कर.’ सीनियर सांगतात, ज्युनियर लावतात, लाल ओळी जातात आणि मंडळी चहाला निघतात. एरर काय होती, ती कोणी वाचलेलीच नसते.

हा पर्याय 2016 साली टाइपस्क्रिप्ट 2.0 सोबत आला. कंपाइलचा वेळ वाचतो, हे खरंच. पण तो सगळ्याच .डी.टीएस फाइलींची तपासणी बंद करतो, तुम्ही स्वतः लिहिलेल्यांचीसुद्धा! त्याहून वाईट म्हणजे, लायब्ररीच्या फाइलीतला एखादा इम्पोर्ट सापडला नाही, तर तिथला टाइप मुकाट्याने ‘एनी’ होतो. मग रकमेच्या जागी ग्राहकाचं नाव पाठवा, कंपायलर हूं की चूं करणार नाही. एवढंच हवं होतं तर साधं जावास्क्रिप्ट काय वाईट होतं?

‘डिक्लेअर मॉड्यूल’ची एक ओळ टाकून मोकळे होणारे याच पंथातले. त्या ओळीने अख्खी लायब्ररी ‘एनी’ होते.

अहो, एरर वाचा. 7016 आली तर डिक्लेरेशन फाइलच मिळालेली नाही. ‘ॲट-टाइप्स’चं पॅकेज आहे का बघा, आणि त्याच्या आवृत्तीचे पहिले दोन आकडे लायब्ररीशी जुळवा. रिॲक्टचा चांगला कंपोनंट अचानक ‘जेएसएक्समध्ये चालत नाही’ म्हणाला, तर ‘एनपीएम एलएस’ चालवा. रिॲक्टच्या टाइप्सच्या दोन प्रती नांदताना बहुधा सापडतील. ‘ओव्हरराइड्स’ने एकच ठेवा.

वापरणाऱ्यांना झोडून झालं. पण मूळ पाप लायब्ररीवाल्यांचं. त्यांच्या जाहीर टाइप्सना जे ‘ॲट-टाइप्स’ पॅकेज लागतं, ते हे ‘डेव्हडिपेंडन्सीज’मध्ये टाकतात, म्हणजे ते आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘एक्स्पोर्ट्स’मध्ये ‘टाइप्स’ची नोंद सर्वांत आधी हवी, ती शेवटी ढकलतात. त्यांच्या मशीनवर सगळं हिरवं, कारण तिथे ते ‘ॲट-टाइप्स’ पॅकेज बसवलेलं असतंच. वर ‘टाइपस्क्रिप्ट सपोर्ट’चा बिल्ला मिरवायला हे पुढे! ‘ॲट-टाइप्स’ची पॅकेजं जिथे लिहिली जातात, त्या डेफिनिटलीटाइप्डवर फुकट राबणाऱ्यांची चूक मी पोटात घालीन, यांची नाही.

लायब्ररीकारांनो, पॅकेज प्रकाशित करण्याआधी ते एका कोऱ्या प्रोजेक्टात टाका, स्किपलिबचेक बंद ठेवा आणि ‘टीएससी’ चालवून बघा. नसेल जमत, तर तो बिल्ला उतरवा.