वरचा मजला आणि खडीचा हिशेब

मशिदीसाठी चंदा जमला की आपल्या जमातीत पहिला विचार येतो तो वरच्या मजल्याचा. रमजानमध्ये जागा पुरत नाही, मकतबच्या मुलांना खोली हवी असते. गरज खरीच आहे. पण जुन्या पायावर आपण किती ओझे चढवतो आहोत, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

शंभर चौरस मीटरचा पाच इंची स्लॅब घ्या. त्याला साधारण साडेबारा घनमीटर काँक्रीट लागते. नेहमीच्या खडीचे काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरते, म्हणजे नुसता स्लॅबच तीस टन. खडीऐवजी फ्लाय अ‍ॅशच्या भाजलेल्या गोळ्या वापरल्या तर हेच वजन घनमीटरला 1900 किलोच्या आसपास आणता येते. सहा टन वाचले! या गोळ्या म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख. ती ओली करून वळतात आणि 1100-1200 अंश सेल्सिअसला भाजतात. कण एकमेकांना धरतात, आत बारीक पोकळ्या राहतात. ब्रिटनमध्ये ‘लायटॅग’ या नावाने हा माल कित्येक दशके वापरात आहे. आपल्याकडेही 2018 मध्ये त्याचे भारतीय मानक आले, आयएस 9142 भाग 2. आणि राखेला महाराष्ट्रात काय तोटा? कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ. सिमेंटात, विटांत ती जातेच, तरी तलाव भरलेले. जुलै 2022 मध्ये कोराडीचा खसाळा इथला राखेचा तलाव फुटला.

ठेकेदार म्हणेल, महाग पडते. पडतेच. भाजायला इंधन लागते, वाहतूक लागते, आणि दुकानात मागितली की मिळाली असा हा माल अजून झालेला नाही. शिवाय गोळ्या पाणी फार पितात, आधी भिजवाव्या लागतात. काळ्या दगडाइतकी ताठ नसल्याने स्लॅब जास्त वाकतो, म्हणून डिझाइन नव्याने करावे लागते. पण खडी स्वस्त का, तेही पाहा: गावाबाहेरची टेकडी संपते, तिची किंमत बिलात कुठेच येत नाही. वुजूत पाणी वाया घालवू नका, तो इसराफ आहे, असे आपण मुलांना शिकवतो. टेकडीबद्दल कोणी काही बोलत नाही.

माझे विश्वस्तांना एवढेच म्हणणे आहे. स्लॅबची तारीख ठरवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जुने कॉलम तपासून घ्या, आणि दोन्ही मालांचा हिशेब मागा. हलका स्लॅबही पेलणार नाही असे तो म्हणाला, तर मजला सोडून द्या आणि शेजारी जागा बघा.