पान एक कमी की भाडं तीन डॉलर?

‘बॅलाट्रो’ खेळणाऱ्यांचे आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, अपडेटनं गेम सोपा करून टाकला, जुन्या नियमांत जिंकलेल्यांच्या मेहनतीची माती झाली. दुसरा म्हणतो, छे, उलट कठीण झाला. दोघंही चिडलेले, आणि बोलतात एकाच बदलाबद्दल. मला विचाराल तर गेम सोपाही झाला नाही आणि कठीणही. त्यातला प्रश्न बदलला, आणि तो बदलायलाच हवा होता.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीचा ५२ पत्त्यांचा कॅट. हातात ८ पानं येतात, त्यातली जास्तीत जास्त ५ टाकून जोडी, एकाच रंगाची पाच पानं, ओळीतली पाच पानं असं काहीतरी जुळवायचं आणि ठरलेले गुण गाठायचे. प्रत्येक फेरीनंतर दुकान लागतं, तिथं जोकर विकत मिळतात. एकूण १५० जोकर, एका वेळी साधारण ५ ठेवता येतात, आणि गुण वाढवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हरलात की सगळं पुसलं, परत पहिल्यापासून. लोकलथंक या टोपणनावाच्या कॅनडातल्या एका माणसानं तो केला आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी तो बाजारात आला. युरोपात त्याला आधी ‘१८ वर्षांवरील’ असा शिक्का बसला होता, जुगारासारखा दिसतो म्हणून. २०२५च्या फेब्रुवारीत तो १२ वर आणला. मांडवीतली कसिनोची जहाजं रोज बघणाऱ्या आपल्याला फरक समजावून सांगायला नको: इथले डॉलर गेममधलेच, खिशातला एक रुपयासुद्धा लावायचा नसतो.

आता मुद्द्याचं. गेममध्ये कठीणपणाच्या आठ पायऱ्या आहेत, सगळ्यात वरची गोल्ड स्टेक. सुरुवातीला या पायरीचा नियम एवढाच होता: हातात एक पान कमी. आठाऐवजी सात. ऐकायला किरकोळ वाटतं ना? गणित करून बघा. पिसलेल्या साध्या कॅटमधून ८ पानं उचलली, तर त्यात इस्पिक, बदाम, किलवर किंवा चौकट यांपैकी एकाच रंगाची पाच पानं असण्याची शक्यता शंभरात सुमारे ७. सात पानं उचलली तर शंभरात ३. म्हणजे निम्म्याहून खाली! आणि निदान एक जोडी? आठ पानांत शंभरात ८९, सात पानांत ७९. जोडीवाल्याला खरचटलं, रंगवाल्याचा पाय मोडला. (ही शक्यता पहिल्या उचलीची. नंतर पानं बदलून घेता येतात, पण कल तोच राहतो.)

म्हणून जुना नियम मला वाईट वाटतो. तो कठीण होता याबद्दल तक्रार नाही. पण तो पहिल्या फेरीच्या आधीच कानात सांगायचा, ‘जोडी धर, रंगाच्या मागं लागू नको.’ १५० जोकर असलेल्या गेममध्ये सगळ्यात वरच्या पायरीवर वाटा कमी व्हाव्यात हे विचित्रच. लोक मग व्हिडिओ बघून तीच एक वाट पाठ करतात. गाईड वाचून पेपर लिहितो तसं.

त्याच वर्षी नियम बदलला. पान परत मिळालं आणि दुकानात काही जोकर ‘भाड्याचे’ दिसू लागले. असा जोकर १ डॉलरला मिळतो, पण पुढं दर फेरीला ३ डॉलर कापून घेतो. हे ३ डॉलर म्हणजे किती? गेममध्ये शिलकीतल्या दर ५ डॉलरवर १ डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त ५. म्हणजे एका भाड्याच्या जोकरनं १५ डॉलरांवरचं व्याज खाल्लं. गाठीला २५ आहेत आणि असे दोन जोकर ठेवलेत, तर सगळं व्याज जाऊन वर एक डॉलर खिशातून. आता ठरवा: हा जोकर दोन फेऱ्यांपुरता घेऊन विकायचा, की शेवटपर्यंत पोसायचा? याचं उत्तर पाठ करता येत नाही. तुमच्याकडं काय आहे आणि कितव्या फेरीत आहात त्यावर ते दर वेळी वेगळं येतं. रंगवालाही पुन्हा खेळात आला.

त्याच्या खालच्या पायरीवर पाच फेऱ्यांनी निकामी होणारे जोकर आणले, ते मात्र मला तितके आवडले नाहीत. ते बहुतेकदा नुसते टाळले जातात.

तोच पत्ता, पण त्याची किंमत परिस्थितीवर, ही युक्ती आपल्या शेजारी जुनी आहे. दोडामार्ग, बांदा करत सावंतवाडीला गेलात तर तिथली गंजिफा बघा. दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पत्ते १२०, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा. आणि दिवसा खेळलात तर सुरुवात रामवाल्याची, रात्री कृष्णवाल्याची. हातातलं पान तेच, सूर्य मावळल्यावर पहिला मान दुसऱ्याचा. चवथीला घरोघर पत्ते कुटणाऱ्या आपल्या माणसांना हे एकदा खेळून बघायला हवं.

आता विरोधकांचा खरा मुद्दा. ‘नियम बदलला की जुळवून घ्या’ असं म्हणणं सोपं असतं. डिचोलीत तर हे वाक्य जपूनच वापरावं. २०१२ला खाणी थांबल्या, २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबल्या, तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या घरांना कुणी ‘पुन्हा पहिल्यापासून’चं बटण दिलं नव्हतं. गेममध्ये ते बटण असतं, म्हणून तिथं नियम मोडून बघायला मी तयार असतो. पण ज्यानं शंभर तास घालून सात पानांवर गोल्ड जिंकलं, त्याचा खेळ सकाळी उठल्यावर आपोआप बदललेला असावा हेही मला पटत नाही. विकत घेतलेली वस्तू आहे ती. नवा नियम चांगला आहे हे मी त्याला सांगीन, भांडूनसुद्धा सांगीन. पण सेटिंगमध्ये ‘जुने नियम’ असा एक पर्याय ठेवायला काय हरकत होती?