डबा, लोकल आणि शतपावली

जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सगळ्या मंत्रालयांना आणि विभागांना एक पत्र पाठवले. रोजच्या खाण्यात लपलेले तेल आणि साखर किती, हे दाखवणारे फलक कार्यालयांत आणि उपाहारगृहांत लावा, असे त्यात सांगितले होते. पुढच्याच महिन्यात नागपूरच्या एम्समधल्या फलकांच्या बातमीवरून ‘आता समोसा-जिलेबीवरही सिगारेटसारखा इशारा’ अशी आवई उठली. विक्रेत्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा छापायचा नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. चार दिवस विनोद फिरले आणि मूळ मुद्दा बाजूला राहिला.

त्यानंतर ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय घेतला. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास आणि कारखान्यांत १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी देण्यात आली. मधली सुट्टी पाचऐवजी सहा तासांनंतर, आणि आस्थापनांत काम व सुट्ट्या मिळून दिवसाचा एकूण पसारा साडेदहाऐवजी १२ तास, असेही त्यात आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे, हेही नमूद करायला हवे. पहिली बातमी आरोग्याच्या पानावर आली, दुसरी उद्योगाच्या. पण ज्या माणसाने तेल-साखर कमी करायची आणि रोज व्यायाम करायचा, त्याच माणसाने हे तासही भरायचे आहेत.

मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागर संकुलातल्या एखाद्या घराचे घड्याळ पाहिले की हे नीट कळते. मीरा रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. गाडीत तास-सव्वा तास, त्याआधी स्टेशनपर्यंत जाणे, फलाटावर एखादी गाडी सोडून देणे, उतरल्यावर कार्यालयापर्यंतची पायपीट किंवा शेअर टॅक्सी. एका बाजूला पावणेदोन तास सहज जातात. दोन्ही बाजूंचे साडेतीन आणि जेवणाच्या सुट्टीसह कामाचे साडेनऊ, असे १३ तास घराबाहेर. सात तास झोपायचे म्हटले तर उरतात चार. त्यात आंघोळ, स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे. कामाचा एक तास वाढला की पहिली कात्री लागते ती झोपेला, मग चालण्याला, आणि मग घरच्या जेवणाला. ‘वेळ मिळत नाही’ हे अशा घरात निमित्त नसते, ते खरे असते.

बाईचे घड्याळ याहून कडक. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकाम करतात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची (४९.४ टक्के) शारीरिक हालचाल अपुरी असल्याचे दिसले. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. २००० साली देशाचा एकूण आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. दिवसभर राबणारी बाई ‘अपुरी हालचाल’ करते, हे वाचून अनेकींना राग येईल आणि तो रास्तच आहे. पण ओट्याशी तासभर उभे राहण्याने पाय दुखतात, हृदयाची गती मात्र फारशी वाढत नाही. दमणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकलमध्ये दांडीला लटकून उभे राहण्यालाही हेच लागू.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. शरीर बारीक दिसते म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले होते. उंची-वजनाच्या प्रमाणातून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सामान्य. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून इतकी वेगळी असतात. भारतीयांत स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त, हे याज्ञिकांच्या पुण्यातल्या अनेक वर्षांच्या कामातून पुढे आले आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप उपयोगी. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० च्या पुढे गेला, तर वजन कितीही असो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. मुंबईत २०२१ मध्ये महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या पाहणीत सुमारे ३४ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि सुमारे १८ टक्क्यांना मधुमेह आढळला. पाहणी मुंबई महापालिकेच्या हद्दीतली होती, पण दहिसरची हद्द ओलांडल्यावर माणसांचे डबे आणि गाड्या बदलत नाहीत.

आता डब्याकडे वळू. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतील आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, म्हणजे भात, पोळी, मैदा, साखर यांतून. प्रथिनांचा वाटा सुमारे १२ टक्के. यातला एक निष्कर्ष अनेकांना खटकेल. पांढरा तांदूळ किंवा मैदा काढून तेवढ्याच प्रमाणात गव्हाची किंवा भरडधान्याची भाकरी घेतली, तर केवळ त्या अदलाबदलीने मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. एकूण कर्बोदकांचे प्रमाण उतरायला हवे. उष्मांकांपैकी ५ टक्के कर्बोदकांच्या जागी डाळी-कडधान्ये, दूधदुभते, अंडी किंवा मासे यांतली प्रथिने आली, तर मात्र शक्यता कमी दिसली. हा एका वेळी केलेल्या पाहणीवरचा अभ्यास आहे, त्यामुळे कार्यकारणभाव यातून पक्का ठरत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. नाचणी-ज्वारीचे गुण आहेतच, पण ‘मिलेट’ असे छापलेले बिस्किट खाऊन फार काही साधत नाही.

हे ५ टक्के म्हणजे किती? दोन हजार उष्मांकांच्या आहारात शंभर उष्मांक, साधारण एक मध्यम पोळी. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी जात असेल तर दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ. कडधान्यातही कर्बोदके असतात, पण कोरड्या वजनाला प्रथिने गव्हाच्या जवळपास दुप्पट. उसळ नको तर घट्ट दही, उकडलेली दोन अंडी किंवा पनीर. मासे खाणाऱ्यांना तर याच महापालिकेच्या हद्दीत उत्तनचा कोळीवाडा आहे. अट एवढीच की बोंबील रव्यात घोळवून तेलात सोडण्याऐवजी कालवणात पडावा. महागड्या प्रथिन-भुकटीची यात कुठेही गरज पडत नाही.

तेलाचा हिशेब पदार्थागणिक करायला कोणालाच वेळ नसतो. तो महिन्याच्या वाणसामानात करावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. म्हणजे माणशी महिन्याला सुमारे ९०० मिलिलिटर, चौघांच्या घराला साडेतीन लिटरच्या आसपास, आणि त्यात तूप, लोणी आणि बाहेरचे वडे-भजीही आले. घरात पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नसेल तर फलक वाचायची गरज नाही. साखरेचे गणित आणखी सोपे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की ती मर्यादा जवळपास गाठली गेली. जिलेबी वर्षातून दहादा खाल्ली जात असेल, चहा वर्षातून हजारदा होतो. कार्यालयातल्या यंत्रातला चहा बहुधा आधीच गोड असतो, बिनसाखरेचा मागावा लागतो. फलक लावण्यापेक्षा ते यंत्र बदलणे जास्त परिणामकारक ठरेल.

खरा घात होतो तो संध्याकाळी. दुपारी एकला जेवलेला माणूस सहा-सातला भुकेला होऊन स्टेशनाबाहेर पडतो आणि समोर कढई असते. घरी पोचून जेवायला साडेनऊ वाजणार. अशा वेळी मनाचा निग्रह वगैरे फारसा चालत नाही. बॅगेत मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एखादे फळ असेल आणि ते गाडीत चढण्याआधी पोटात गेले असेल, तर वडापाव टळतो. निदान दोनाचा एक होतो.

चालण्याबद्दल मात्र पूनम सागरच्या रहिवाशांना एक गोष्ट अनुकूल आहे. स्टेशन चालत वीस मिनिटांच्या आत आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. २०२० मध्ये तिने सलग दहा मिनिटे व्यायाम झालाच पाहिजे ही जुनी अटही काढून टाकली. जाताना १५ मिनिटे, येताना १५, आठवड्याचे पाच दिवस, झाली १५० मिनिटे. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. दहा हजार पावलांचा धसकाही घ्यायला नको. तो आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास बाजारात आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे, प्रयोगशाळेतून नव्हे. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील जुलै २०२५ च्या आढाव्यात रोज दोन हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सात हजार चालणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला. स्टेशनची जा-ये तीन हजार पावले देते, पूल आणि कार्यालय उरलेल्यातली बरीचशी.

जिन्याचे महत्त्व तर सत्तर वर्षांपूर्वीच दिसले होते. लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. एकाच बसवर काम करणारी ही माणसे, पण दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार बराच कमी होता. अलीकडे २०२२ मध्ये ब्रिटनमधील व्यायाम न करणाऱ्या सुमारे २५ हजार लोकांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदींवरून असे दिसले, की दिवसातून तीनदा एक-दोन मिनिटे धाप लागेल अशी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. रेल्वेचा पादचारी पूल न थांबता चढणे हे त्यातच मोडते. छातीत दुखणे, गुडघ्याचा आजार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि शतपावली. जेवणानंतरचे दोन ते पाच मिनिटांचे हलके चालणेही रक्तातली साखर चढण्याचा वेग कमी करते, असे २०२२ मधील एका एकत्रित विश्लेषणात आढळले. आजीला हे अभ्यासाशिवाय ठाऊक होते, फक्त तिला टीव्हीवरची मालिका आडवी येत नव्हती. उशिरा जेवणाऱ्या घरांत तर ही दहा मिनिटे सकाळच्या हुकलेल्या व्यायामापेक्षा हाताशी येणारी आहेत. संकुलाच्या आवारात चार चकरा पुरतात. त्याआधी मटकी भिजत घातली तर उद्याच्या डब्याचेही काम होते. ते कोणी करायचे, हा प्रश्न २८९ आणि ८८ या दोन आकड्यांमध्ये कुठेतरी आहे.

पण यातले सगळेच घरातल्या घरात सुटणारे नाही. स्टेशनपर्यंत चालायचे तर पदपथ लागतो. उपनगरात तो दुचाकी, टपऱ्या आणि खोदकामे यांतून उरेल तेवढाच मिळतो. रात्री साडेआठला परतणारी बाई शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहते ती आळसाने नव्हे. अर्ध्या रस्त्यावर उजेड नसला, पावसाळ्यात पाणी भरलेले असले, की वीस रुपये देणे हाच शहाणपणा ठरतो. पदपथ हे रस्ते विभागाचे काम मानले जाते, मधुमेह हे आरोग्य विभागाचे, आणि कामाचे तास हे कामगार विभागाचे. स्टेशनपासून पूर्वेच्या संकुलांपर्यंत सलग, मोकळा, दिव्याखालचा पदपथ झाला तर हजारो लोकांची १५० मिनिटे कोणताही फलक न लावता भरतील. वाढीव तासांबाबतही कंपन्यांना एक गोष्ट लगेच करता येईल. मधली सुट्टी सहाव्या तासापर्यंत लांबवण्याची मुभा आहे, सक्ती नाही. ती चौथ्या तासाला दिली आणि अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासाची केली, तर डबा निवांत खाऊन इमारतीला एक फेरी मारता येते.