घोटाभर चिखलाचा हेवा

सुट्टीवर गावी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय रे, तिकडचे रस्ते एकदम गुळगुळीत असतील ना?" असतात, गुळगुळीत असतात. पण इंग्लंडात इतकी वर्षं काढल्यावर मला इथल्या ज्या वाटेचा खरोखर हेवा वाटतो, ती डांबरी नाहीच. ती घोटाभर चिखलाची आहे आणि मागच्या फेब्रुवारीत तिने माझी यथेच्छ जिरवली.

झालं असं की उन्हाळ्यात एक 50 किलोमीटरची शर्यत पळायची आहे, म्हणून दर शनिवारी लांब पल्ल्याचा सराव चालू होता. त्या शनिवारी ठरवलं, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर चारमाउथहून वेस्ट बेपर्यंत जायचं आणि परत यायचं. अंतर वीस-बावीस किलोमीटर. सपाट रस्त्यावर दोन तासांच्या आसपास होतं. इथे तीन तास पन्नास मिनिटं लागली. (पीएचडीच्या वेळी गाईड म्हणायचे, तुझ्या अंदाजाला दोनने गुणत जा. ते इथेही लागू पडलं.)

मध्ये गोल्डन कॅप नावाची टेकडी लागते. 191 मीटर, म्हणजे सह्याद्रीवाल्यांना हसू येईल, पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे सगळ्यात उंच ठिकाण. शिवाय एकदा चढून भागत नाही. तिथून थेट समुद्रपातळीवर सीटाउनला उतरायचं, लगेच 157 मीटरच्या थॉर्नकोम्ब बीकनवर चढायचं, पुन्हा उतरायचं. आणि परत येताना हेच सगळं उलटं!

चिखलाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायलाच हवं. माथ्यावर वाळूचा खडक आहे, त्यातून पाणी झिरपतं. त्याच्याखाली ज्युरासिक काळातली, सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीची चिकणमाती. तिच्यातून पाणी पुढे जात नाही, तिथेच साठतं, आणि वरचा भाग साबणावरून घसरावा तसा समुद्राकडे सरकतो. दरडी कोसळल्या की आतले ॲमोनाइटचे जीवाश्म किनाऱ्यावर येऊन पडतात. 2001 साली हा किनारा जागतिक वारसा ठरला तो ह्याच खडकांमुळे. धावणाऱ्याला त्याचा प्रसाद वेगळा मिळतो. बुटाच्या तळाच्या खाचा दहा पावलांत भरतात, मग बूट म्हणजे दोन गुळगुळीत पाटे. पाय उचलावा तर खाली हवा शिरायला जागा नाही, पोकळी तयार होते आणि चिखल बूट धरून ठेवतो. एकदा तर मोजा वर आला आणि बूट खालीच राहिला. उपाय एकच, पावलं बारीक टाकायची आणि डबकं चुकवायला न जाता सरळ मधून जायचं. कडेने गेलं की गवत मरतं आणि वाट उगीच रुंद होत जाते. खिशातली शेंगदाण्याची चिक्की थंडीने अशी कडक झाली होती की दात की चिक्की असा प्रश्न पडला. असो.

आता हेव्याचं कारण. ही वाट साउथ वेस्ट कोस्ट पाथचा एक तुकडा आहे. माइनहेडपासून पूल बंदराच्या तोंडापर्यंत सलग 630 मैल, म्हणजे 1014 किलोमीटर. चोरटा माल पकडायला तटरक्षक गस्त घालायचे, त्यांच्या पायांनी ती पडली. म्हणूनच ती कड्याच्या काठाने जाते आणि प्रत्येक खाडीत डोकावते. ती लोकांच्या शेतांतून, मेंढ्यांच्या कुरणांतून जाते, पण फाटक उघडून आत जाताना कोणाची परवानगी लागत नाही. वाट खचली की ती आत सरकवण्याची तरतूदही 2009 च्या किनारा कायद्यात आहे.

हे आपोआप झालेलं नाही. "गोरे लोक मुळातच शिस्तीचे" वगैरे ऐकलं की मला 1932 सालचं किंडर स्काउट आठवतं. जमीनदारांच्या डोंगरावर शेकडो लोक हक्काने चालून गेले आणि पाच जणांना तुरुंग झाला. 1949 साली कायदा आला, तेव्हा सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवणं कौन्सिलांवर बंधनकारक झालं. माझ्या मते सगळी मेख ह्या नोंदीत आहे. नोंद असली की वाट नेमकी कुठे होती ह्यावर भांडण उरत नाही, अडवणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं.

आमच्या कोकणातल्या वाडीतून समुद्रावर जाणारी जांभ्याची पाखाडी आहे. होती म्हणू? आजोबा त्याच वाटेने मासळी आणायला जायचे. खालची बाग विकली गेली आणि नव्या मालकाने दिवाळीआधी चिऱ्याची भिंत घातली. आम्ही मुंबई-परदेशवाले ती बघितली मे महिन्यात. आपल्याकडे कायदाच नाही असं नाही. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्टाच्या 1906 च्या कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत, आणि तेही ज्याची वाट अडली त्यानेच. सीआरझेडचा मुख्य रोख बांधकामांवर. पाखाड्या राखणं हे काही तिचं काम नाही.

ग्रामपंचायतीत रस्त्यांची नोंदवही असते. तिच्यात डांबरी रस्ते चढवायची घाई सगळ्यांना असते, पाखाड्यांसाठी कोणी अर्ज करत नाही. तो करायला इंग्लंडचा कायदा लागत नाही. एक जीपीएसवालं घड्याळ आणि वाट आठवणारी चार म्हातारी माणसं पुरे. म्हणून येत्या मे महिन्यात वाडीतल्या सगळ्या पाखाड्या घड्याळ लावून पळत मोजायच्या असं ठरवलंय. काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "मोज की. पण आमची भिंतीशी थांबवू नकोस, पलीकडच्या बत्तीस पायऱ्या पण लिही. मी मोजल्यात."