एकट्याची सफर, घराला खबर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चिखलीहून लोणारला सायकलने जाऊन आलो, तेही एकटेच. शिक्षक-कक्षात हे सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "का सर, गाडी बिघडली होती का?" गाडी ठणठणीत होती. डॉक्टरांनी शुगर सांगितल्यापासून आम्ही रोज सकाळी सायकल चालवतो. आठ-दहा किलोमीटर झाले की वाटायचं, एकदा दिवसभर चालवून बघावी.

चिखली ते मेहकर चाळीसेक किलोमीटर आणि तिथून सुलतानपूरमार्गे लोणार आणखी चोवीस-पंचवीस. सरोवर पाहून मेहकरला परतायचं, रात्री आपाकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचं, असा बेत होता. घरात मात्र एवढंच सांगितलं, "मेहकरला आपाकडे जाऊन येतो." लोणारचं नाव काढलं असतं तर आमचं वय, शुगर आणि रस्त्यावरचे डंपर, सगळ्याचा हिशेब निघाला असता. आपालाही कळवलं नाही. म्हटलं, अचानक दारात उभं राहू.

फज्रनंतर निघालो. लव्हाळा मागे पडेपर्यंत ऊन वर आलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरी फुलावर आलेल्या. याच रस्त्याने बसने शेकडो वेळा गेलो असू, पण तो इतका चढ-उताराचा आहे हे त्या दिवशी पायांना कळलं. हिवरा आश्रमला चहा घेतला, मेहकरला पैनगंगेच्या पुलावर थोडं थांबलो. घाई नाही, सोबत नाही, कुणाशी बोलायचं नाही. वर्षभर साठ-साठ मुलांच्या गलक्यात राहणाऱ्या माणसाला ही शांतता काय वाटते, ते मास्तरांनाच विचारा.

लोणारचं वैशिष्ट्य असं, की काठावर पोहोचेपर्यंत ते दिसतच नाही. सपाट जमीन अचानक संपते आणि खाली सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा वाडगा. उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात पडलेलं हे विवर. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'तही या सरोवराची नोंद आहे. काच आणि साबण बनवायला लागणारा माल इथे मिळतो, असं त्यात लिहिलंय. २०२० च्या जूनमध्ये याचं पाणी गुलाबी झालं आणि त्याच वर्षी रामसर यादीत त्याचा समावेश झाला. वर्गात हे सगळं आम्ही शिकवतोच. पण स्वतःच्या पायांनी तिथवर पोहोचल्यावर ते वेगळंच वाटलं. खूप फोटो काढले. फोनची बॅटरी त्यातच संपली.

परतताना सुलतानपूरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. जवळ पंप नाही, जादा ट्यूब नाही. सायकल ढकलत चाललो. असरची वेळ टळत आली, तेव्हा शेतातून परतणाऱ्या एका भल्या माणसाने बैलगाडीत सायकलसकट घेतलं. पंक्चरवाल्याने एक नाही, दोन काटे काढले. तोवर अंधार पडला होता आणि आमच्या सायकलला दिवा नव्हता. त्याने आपला फोन पुढे केला, "घरी सांगा सर." तेव्हा लक्षात आलं, आम्हाला एकच नंबर पाठ आहे, तोही आमचा स्वतःचा!

त्याच्याच दुकानात फोन चार्जिंगला लावला. सुरू झाला आणि पाहिलं, तर तेवीस मिस कॉल. दुपारी घरून आपाला विचारणा झाली होती, "पोहोचले का?" आपा म्हणाली, "कोण?" तिथून पुढे काय झालं असेल ते वाचकांनी समजून घ्यावं. रात्री भाचा मालवाहू ऑटो घेऊन आला. आपाने दारातच घेतलं, "अरे, तू मास्तर आहेस ना? पोरांना काय शिकवतोस?"

खरा धडा घरी मिळाला. बेगम बोलतच नव्हत्या. अकरावीतली लेक पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "अब्बू, मी तर विचारून जाणार होते."

उन्हाळ्यात तिने नानीच्या गावी सायकलने जायची परवानगी मागितली होती. बारा किलोमीटर. आम्ही 'जमाना खराब आहे' म्हणून विषय संपवला होता. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर खेड्यांतून शाळेत येणाऱ्या मुलींचं कौतुक करणारे आम्हीच. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीची गोष्ट वर्गात रंगवून सांगणारेही आम्हीच. २०१८ मध्ये ऐन विशीत ती सायकलवर एकटी १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा करून आली. दुसऱ्यांच्या लेकींचं कौतुक सोपं असतं.

धोका खोटा नाही, हेही खरं. रात्री एकट्याने सफर करण्याबाबत हदीसमध्ये सावध केलेलं आहे. म्हणून घरात सर्वांसाठी एकच नियम केला, तो आधी अब्बूंना लागू. रस्ता आणि परतीची वेळ खरी सांगायची. मगरिबच्या आत मुक्कामी पोहोचायचं. जादा ट्यूब, पंप, दिवा, पाणी आणि गूळ-शेंगदाणे सोबत ठेवायचे. शुगरची औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं आणि खिशात साखर ठेवायची. घरचे दोन नंबर कागदावर लिहून घ्यायचे. फोटो कमी काढायचे.

गेल्या रविवारी लेक नानीकडे गेली. एकटी, सकाळी आठला. आम्ही मागून मोटारसायकलने जायला निघालो, तर बेगमनी किल्ली काढून घेतली. "त्या दिवशी आम्ही बसलो होतो, आज तुम्ही बसा." बसलो. वर्तमानपत्र हातात होतं, पण एक ओळ वाचली नाही. चोपन्न मिनिटांनी फोन आला.

"अब्बू, पोहोचले. नानी विचारतेय, मास्तरांनी सोडलं कसं?"