माशाला गळ टोचतो का?

"मासा कुठं ओरडतोय? त्याला काय दुखतंय!" असे नीरा कालव्यावर गळ टाकणारी पोरे म्हणतात. मला हे पटत नाही. ओरडायला त्याला आपल्यासारखा गळा कुठे आहे? २००३ साली स्कॉटलंडमध्ये शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांच्या ओठात आम्लाची सुई टोचली, तर मासे ओठ खड्यांवर घासू लागले. कितीतरी वेळ चाऱ्याला तोंड लावेनात.

उजनीच्या मासळीवर भिगवणकडची किती घरे चालतात. मासे धरूच नका, असे मी म्हणणार नाही. चिलापी मलाही आवडते! पण गंमत म्हणून मासा गळाला लोंबकळत ठेवायचा कशाला? गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला की गळ पटकन निघतो. बारका मासा ओल्या हाताने पाण्यात सोडावा. खायचा तर डोक्यात एकच टोला द्यावा, काठावर तडफडत ठेवू नये. पालकांनो, पक्कड घरात असतेच.